बोरीबंदर ते ठाणे, पायी

ठाण्याला जायचे म्हटले की आपण लोकल पकडतो. खिडकी मिळाली तर मुलुंड येईपर्यंत झोपही होते. आम्ही सहा जण मात्र २२ जानेवारी २०२३ च्या रविवारी पहाटे चार वाजता बोरीबंदरहून ठाण्याला पायी निघालो. घरच्यांनी आधी हसून घेतले, मग काळजी केली, आणि शेवटी डबा बांधून दिला.

आम्ही सगळे विक्रोळी पार्कसाइटच्या डोंगरउताराकडचे. बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टरदादा, पालिकेच्या दवाखान्यात उभा जन्म काढलेल्या आमच्या सिस्टरताई, शाळेतले मास्तर, घरकाम करणाऱ्या दोघी जावा, त्यांना आम्ही थोरल्या वहिनी आणि धाकट्या वहिनी म्हणतो, आणि रिक्षावाले भाऊ. यांतला एकही चालण्याच्या शर्यतीत कधी उतरलेला नाही. आठच दिवस आधी, १५ जानेवारीला, याच बोरीबंदरहून मॅरेथॉनची हजारो माणसे धावत सुटली होती. ४२ किलोमीटर धावायचे आणि त्या निमित्ताने संस्थांसाठी पैसा उभा करायचा, ही चाल मुंबईत २००४ पासून पडली आहे. मास्तर म्हणाले, धावणे आपल्याला जमणार नाही, पण चालणे तर जन्माचेच आहे.

निधी कशासाठी, हे सांगितले पाहिजे. कंडक्टरदादांच्या पत्नी २०२१ साली अकरा महिने परळला उपचारासाठी जात होत्या. त्या बऱ्या झाल्या. पण त्या अकरा महिन्यांत दादांनी तिथला फुटपाथ पाहिला. गावाकडून रुग्णाला घेऊन आलेली माणसे, धर्मशाळेत जागा नाही, हाताशी पैसा नाही, स्टोव्हवर एका वेळचे शिजवायचे आणि दोन वेळा खायचे. आमच्या महिला मंडळाने ठरवले की दर शनिवारी संध्याकाळी साठ जणांची चपाती-भाजी परळला न्यायची. कष्ट आमचे, पण पीठ, तेल, डाळ आणि गॅस यांना पैसा हवा.

वस्तीत वर्गणी मागणे काही नवे नाही. जयंतीची वर्गणी, सहलीची वर्गणी, कोणाच्या घरी दुःख झाले तर वर्गणी. माणूस देतो, पण पावती हातात घेताना त्याचा चेहरा थकलेला असतो. म्हणून मास्तरांनी वेगळी वही घातली. आम्ही चालू, तुम्ही किलोमीटरमागे बोला. कोणी एक रुपया बोलले, कोणी दोन, एका दुकानदाराने पाच. नाक्यावरच्या केळीवाल्या मावशी एक रुपया बोलल्या आणि वर बजावून गेल्या, “चालाल तेवढ्याचेच देईन.” सगळ्यांचे मिळून किलोमीटरला ४१२ रुपये झाले. अंतर धरले ३४ किलोमीटर, रुळाचे. रस्त्याने थोडे जास्तच भरते, पण जास्तीचे आमच्या पदरचे. आणि एक अट मास्तरांनी वहीच्या पहिल्याच पानावर लिहिली : सहाही जण चालले तोच किलोमीटर मोजायचा. ही अट पुढे आम्हाला चांगलीच महागात पडली.

शनिवारी रात्रीच्या शेवटच्या गाडीने बोरीबंदरला येऊन बसलो. याच जागेवरून १६ एप्रिल १८५३ रोजी हिंदुस्थानातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला गेली. चौदा डबे, चारशे पाहुणे, आणि ओढायला साहिब, सुलतान, सिंध ही तीन इंजिने. इंजिनांची नावे आजही पाठ म्हणून घेतात. खाडीत भराव टाकणाऱ्या मजुरांची नावे मात्र कुठल्या पुस्तकात वाचल्याचे आठवत नाही. आत्ताची देखणी इमारत नंतरची, १८८८ साली पुरी झालेली. कंडक्टरदादांनी तिच्यासमोर उभे राहून हवेतली दोरी दोनदा ओढली, “डबल बेल!” म्हणाले, आणि आम्ही निघालो.

क्रॉफर्ड मार्केटला भाजीचे टेम्पो लागले होते. या मंडईला महात्मा जोतिबा फुल्यांचे नाव दिल्याला किती वर्षे झाली, पण आमच्याही तोंडून क्रॉफर्डच निघते. थोरल्या वहिनींनी तिथेच फर्मान काढले की आज दिवसभर फुले मंडईच म्हणायचे, चुकेल त्याने सर्वांना चहा पाजायचा. भायखळ्यापर्यंत रिक्षावाले भाऊ दोन चहा हरले होते.

मोहम्मद अली रोडवर उड्डाणपुलाखालून चाललो. वरचा पूल २००२ पासून आहे, पायी माणसाला तिथे मज्जाव. खाली हातगाड्यांवर हमाल झोपलेले, एका बेकरीतून ताज्या पावाचा वास. जे. जे. इस्पितळाशी वळताना सिस्टरताई थांबल्या आणि आत पाहून घेतले. १८४५ पासून गरिबाचे दार म्हणून ते इस्पितळ उघडे आहे. पाचच्या सुमारास भायखळा स्थानक आले. गाडीतून हजारदा पाहिलेले हे स्थानक बाहेरून किती सुरेख आहे हे त्या दिवशी कळले. जुने लाकूड, जुने दगड नीट दुरुस्त केलेले. या कामाला २०२२ साली युनेस्कोचे पारितोषिकही मिळाले. आयुष्यभर आपण या रुळांवरून गेलो, स्थानकांची नावे ओळीने म्हणून दाखवू, पण दोन स्थानकांमधली मुंबई कधी पायाखालून गेली नव्हती.

इथे एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. पहाटे चार ते सात या वेळात बाईमाणसाला या शहरात मोरीला जायला जागा सापडत नाही. जी शौचालये दिसली त्यांतली बरीच कुलुपात. दोघी वहिनी आणि सिस्टरताई चिंचपोकळीपर्यंत पाणी न पिता चालल्या. शेवटी एका पेट्रोल पंपावरच्या पोराने किल्ली दिली. पुढच्या वेळी नकाशा काढताना चहाच्या टपऱ्यांच्या आधी ही जागा लिहून ठेवायची, असे तिघींनी आम्हा पुरुषांना सुनावले.

लालबागला भारतमाता सिनेमापाशी मास्तर गप्प झाले. त्यांचे आजोबा गिरणीत रिंग खात्यात होते. विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून आपल्या माणसाला ते खाते बंद. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. मास्तरांच्या वडिलांना पुढे विणाई खाते मिळाले. मग १८ जानेवारी १९८२ चा संप आला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि वडील पुन्हा कधी फाटकाच्या आत गेले नाहीत. “आजोबांना दाराच्या आत घेतले नाही, वडिलांना दाराच्या बाहेर काढले,” एवढेच मास्तर म्हणाले, आणि आम्ही बराच वेळ कोणी काही बोललो नाही. वर उंच इमारतींचे लाल दिवे लुकलुकत होते.

परळच्या दामोदर हॉलवरून गेलो. १९२४ साली याच ठिकाणच्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. आम्ही पाहिले तेव्हा नाट्यगृह चालू होते. त्याच वर्षाच्या अखेरीस ते पुनर्बांधणीसाठी बंद झाले. पलीकडे पोयबावडीला बी.आय.टी. चाळ, जिथे दोन लहान खोल्यांत बाबासाहेबांनी वीसेक वर्षे काढली. पण तिकडे न वळता आम्ही दवाखान्यांच्या रस्त्याला वळलो. या वळणाचे अंतर हिशोबात धरायचे नाही हे आधीच ठरलेले.

सव्वासहा झाले होते, अजून काळोख. टाटा रुग्णालय १९४१ पासूनचे, के.ई.एम. १९२६ चे, दोन्हीकडे राज्यभरातून, किंबहुना देशभरातून माणूस येतो. फुटपाथवर प्लास्टिकखाली माणसे उठत होती. कंडक्टरदादा एका ठिकाणी आपोआप थांबले, बहुधा ओळखीची जागा असावी. तिथे नांदेडकडचे एक गृहस्थ तोंड धूत होते, बाजूला बायको पातेले घासत होती, आणि दहा-बारा वर्षांची मुलगी डोक्याला रुमाल बांधून पांघरुणात बसलेली.

“कुटं निगालात एवढ्या सकाळी?”

“ठाण्याला.”

“मग स्टेशन तिकडं ऱ्हायलं की!”

चालत निघालो, असे सांगितल्यावर त्यांनी आम्हाला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले. रविवारच्या पहाटे सहा माणसे ठाण्याला चालत का जातात, हे त्यांना समजावताना आमचीच पंचाईत झाली. “चालल्यानं पैसे कसे येतात?” त्यांनी सरळ विचारले. मास्तरांनी वही दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “म्हंजी लोकायला तुमचा भरोसा हाय.” मुलगी मात्र हसायला लागली होती. रिक्षावाले भाऊ आपण रिक्षा घरी ठेवून चालतो आहोत हे तिला सांगत होते, आणि तिला ते जगातले सर्वांत मोठे वेड वाटत होते. त्या माउलीने आम्हाला कोरा चहा दिला. नको म्हणवेना. घेतला.

दादरला खोदादाद सर्कलवर उजाडले. हिंदू कॉलनीत राजगृहासमोर दोन मिनिटे उभे राहून पुढे झालो. माटुंग्याला गजऱ्यांची टोपली, फिल्टर कॉफी, माहेश्वरी उद्यानाला वळसा, आणि नऊच्या सुमारास शीव. भायखळ्यापासून इथवर आम्ही ज्या रस्त्याने आलो तो सगळा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग. बसमधून जाताना पाटीकडे लक्ष जात नाही. पायी चालले की ते नाव किती दूरपर्यंत आपल्या सोबत येते ते कळते.

शीवला रुळांवरचा जुना पूल ओलांडला. तो पूल १९१२ चा. ऑगस्ट २०२४ पासून नवा बांधण्यासाठी बंद केला. पुलापलीकडे लालबहादूर शास्त्री मार्ग लागतो, जुन्या माणसांचा आग्रा रोड. आणि इथेच मोहाचे राज्य सुरू होते, कारण शीवच्या अलीकडे मुंबईत रिक्षा नाही आणि पलीकडे पावलोपावली रिक्षा. त्यात आमचे भाऊ त्याच धंद्यातले. प्रत्येक नाक्यावर एक ओळखीचा हाक मारी, “काय रे, गाडी जप्त झाली का?”

कुर्ला ते घाटकोपर हा पट्टा एका काळी कारखान्यांचा. प्रीमियरच्या कारखान्यात पद्मिनी गाडी बनायची. तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. कारखान्याच्या जागी आता कोहिनूर सिटी. कमानीचा चौक अजून कमानीच आहे. तिथला नळ्यांचा बुडीत कारखाना १९८० च्या दशकाच्या अखेरीस कामगारांनी स्वतः चालवायला घेतला होता, हे मास्तरांनी सांगितले तेव्हा धाकट्या वहिनींना खरे वाटेना. ऊन चढले. मेट्रो चारच्या कामासाठी पत्रे ठोकलेले, फुटपाथ कुठे आहे आणि कुठे नाही याचा पत्ता नाही, तोंडात सिमेंटची धूळ. मास्तरांनी मुद्दाम नवे बूट घातले होते. घाटकोपरला ते पिशवीत गेले आणि मास्तर वहिनींच्या जादा स्लिपरवर आले. नवे बूट घालून लांब चालू नये, हे शहाणपण आम्ही येथे फुकट वाटतो. जाड मोजे, जुनी चप्पल आणि खिशात चणे-गूळ, याच्यापुढे काही नाही.

एक वाजता विक्रोळी. आपलेच घर तेवीस किलोमीटरवर आडवे येणे यासारखी परीक्षा नाही. रस्त्यावर पंचवीस-तीस माणसे पाणी घेऊन उभी होती. “जयभीम दादा! अजून उभे आहात का?” कोणीतरी बादलीत मिठाचे गरम पाणी आणले. घरी जायचे नाही, असे ठरले होते. रस्त्याच्या कडेलाच बसून भाकरी खाल्ली. खरे सांगायचे तर इथे तास-सव्वातास बसलो तीच चूक झाली. सिस्टरताई बजावत होत्या की जास्त बसू नका, सांधे आखडतात. कोणी ऐकले नाही.

कांजूरपर्यंत दादा लंगडत आले. भांडुपला, पावणेचारच्या सुमारास, उजवा गुडघा वाकेचना. तीस-पस्तीस वर्षे चालत्या बसमध्ये उभे राहिलेले ते गुडघे. सिस्टरताईंनी हात लावून पाहिला आणि दादांशी न बोलता भाऊंना म्हणाल्या, “रिक्षा थांबवा.”

दादा म्हणाले, “मी बसणार नाही.”

“तुम्ही बसणार आहात. वस्तीचा शब्द मोठा आहे, पण गुडघा एकदाच मिळतो.”

एकसष्ट रुपये मीटर झाले. दादा मुलुंडला एका दुकानाच्या पायरीवर पाय लांब करून आमची वाट पाहत बसले. आम्ही पाच जण ते चार किलोमीटर चाललो, पण चालण्यात जीव नव्हता. मुलुंडहून ते पुन्हा उठले. सिस्टरताईंचा हात धरून, क्रेप बँडेज बांधून, चेकनाका ओलांडून, तीन हात नाक्यावरून ठाणे स्थानकापर्यंत त्यांनी प्रत्येक पाऊल टाकले. साडेसहा वाजले. १८५३ च्या त्या गाडीला साधारण तास लागला होता. आम्हाला साडेचौदा.

फलाटावर बसून मास्तरांनी वही उघडली आणि पेन हातात धरून थांबले. चौतीस लिहायचे की तीस?

धाकट्या वहिनी म्हणाल्या, “पाच जण तर चाललोच ना आपण. आणि दादा काय हौसेने बसले का? कोण विचारणार आहे?” बोलणे काही वावगे नव्हते. चार किलोमीटरचे १,६४८ रुपये होतात, म्हणजे जवळजवळ दीड शनिवारचे जेवण. शिवाय पैसा आमच्या घरी जाणार नव्हता. भुकेल्याच्या ताटापेक्षा वहीतली अट मोठी का, असा प्रश्न थोरल्या वहिनींनी टाकला, आणि त्याला आमच्यापैकी कोणाकडे चटकन उत्तर नव्हते. भाऊ दोन्हीकडून बोलत होते. मास्तरांना परळची ती व्यक्ती आठवत असावी, कारण ते ‘भरोसा’ असे काहीतरी पुटपुटले.

शेवटी दादाच बोलले. “मी उभ्या नोकरीत एक स्टॉप पुढे गेलेल्या म्हाताऱ्यालासुद्धा वरचे तिकीट फाडायला लावले आहे. वाईट वाटायचे, तरी लावले. आता माझ्यासाठी फुकट स्टॉप लिहू नका.”

मास्तरांनी तीस लिहिले. परतीच्या लोकलमध्ये सहाही जण झोपलो आणि विक्रोळी सोडून घाटकोपरला उतरलो.

आठवडाभर वस्तीत वसुली झाली, १२,३६० रुपये. आम्ही दारोदार सगळे सांगितले, गुडघाही आणि रिक्षाही. काहींनी चौतीसचेच घ्या म्हणून हट्ट धरला. एका घरात तर आजोबा रागावले, “मी पूर्ण बोललो होतो, कमी का घेता?” केळीवाल्या मावशींनी मात्र तीस रुपये मोजून दिले आणि विचारले, “बाकीचे कधी?”

बाकीचे १२ फेब्रुवारीला. सिस्टरताईंनी तीन आठवडे दादांना व्यायाम करायला लावला आणि मगच परवानगी दिली. रविवारी सकाळी सात वाजता आम्ही सहा जण भांडुपला उतरलो, तर वस्तीतली पाच-सात पोरे आधीच येऊन उभी. दादा ज्या खांबापाशी रिक्षात चढले होते तोच खांब त्यांनी शोधून काढला, त्याला हात लावला आणि निघाले. नाहूरच्या बाजूला एकदा थांबून पाणी प्यायले. पोरे पुढे पळत होती, परत येत होती, त्यांचे मिळून आठ किलोमीटर झाले असतील. मुलुंडच्या त्या दुकानाच्या पायरीपाशी पोहोचायला एक तास दहा मिनिटे लागली. दुकानदाराने दादांना ओळखले आणि खुर्ची बाहेर आणली. ते बसले नाहीत.

मास्तरांनी वही तिथेच काढली. तीस खोडले नाही. त्याच्याखाली चार मांडले, रेघ ओढली, आणि चौतीस लिहिले. एकूण रुपये १४,००८. ४ मार्चपासून २० मेपर्यंतचे बारा शनिवार त्यात निघाले, एका शनिवारला साधारण अकराशे सदुसष्ट. पहिल्या शनिवारी आम्ही चपात्यांचे पुडके घेऊन परळला गेलो तेव्हा नांदेडचे ते कुटुंब त्या जागेवर नव्हते. मुलीची तपासणी लांबल्याने त्यांना धर्मशाळेत जागा मिळाली होती, असे शेजारच्या बाईंनी सांगितले. तिचा पत्ता घेऊन भाऊ दुसऱ्या शनिवारी तिकडे जाऊन आले, या वेळी रिक्षावाला लोकलने आला म्हणून ती पुन्हा हसली.

मुलुंडहून परतलो त्या दिवशी दादा थेट नाक्यावर केळीवाल्या मावशींकडे गेले. काही बोलले नाहीत, फक्त चार बोटे वर केली. मावशींनी बटव्यातून चार रुपये काढून त्यांच्या हातावर ठेवले, आणि मग सहा केळी मोडून दिली. त्यांचे पैसे मात्र घेतले नाहीत.